गाणं घरात, किल्ली परक्याकडे

गेल्या महिन्यात साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. ‘दादा, पाच हजारांच्या आत एखादा चांगला स्मार्ट स्पीकर सांग. आईला गाणी ऐकायचीत.’

मी म्हटलं, घेऊ नकोस.

‘मग काय घेऊ?’

‘काहीच नको घेऊस. माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली काढ.’

यावर तो जो काही हसला, त्या हसण्याला उत्तर म्हणून हे लिहितोय. कारण ते हसणं त्याच्या एकट्याचं नाही. दुकानात जा, यूट्यूबवर जा, एखाद्या जाणत्या मित्राला विचारा; सगळीकडे पहिला प्रश्न एकच, बजेट किती? आणि मग त्या बजेटात बसणारा एक डबा. घरातल्या कॉम्प्युटरवरचं संगीत दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात ऐकायला कुठलं यंत्र घ्यावं, हा मुळात बजेटचा प्रश्नच नाही. कॉम्प्युटरवर आहे काय, आणि ते दहा वर्षांनी वाजेल का, हा प्रश्न आहे. तो कुणी विचारत नाही, कारण त्याच्या उत्तरातून काही विकता येत नाही.

आमच्या घरचं सांगतो. सांगलीत गावभागात आमचं घर. तिथे अण्णांच्या 140 कॅसेटी होत्या. त्यात विकतच्या थोड्या, बाकी त्यांनी स्वतः भरलेल्या. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत होते ती संगीतसभा. मिरजेच्याच अंबाबाईच्या देवळातला नवरात्रातला महोत्सव. आकाशवाणी सांगलीवरून रात्री टेप केलेली नाट्यपदं. आत्याच्या गावच्या जत्रेत घेतलेला कवलापूरच्या काळू-बाळूंचा वग, ज्यात निम्मा आवाज शिट्ट्यांचा. आणि आजीच्या ओव्या. जात्यावर म्हटलेल्या नव्हेत, जातं तोवर गेलं होतं. गॅसपाशी पाटावर बसून म्हटलेल्या, मध्येच कुकरची शिट्टी.

2017 साली मी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. हे काम घाईचं नाही. तासाची कॅसेट उतरवायला तास लागतो, वर हेड स्पिरिटने पुसा, पट्टी गुंतली की पेन्सिल घालून फिरवा. ऑगस्ट 2019 पर्यंत 93 झाल्या होत्या. मग पाणी आलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. खालच्या मजल्यावरचं कपाट चिखलात गेलं. कॉम्प्युटर वरच्या खोलीत होता म्हणून वाचला. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजून लगदा झाली, तिथे आमच्या उरलेल्या 47 कॅसेटींचं दुःख कुणाला सांगायचं?

म्हणजे आता त्या कॉम्प्युटरवर जे आहे, ते जगात दुसरीकडे कुठेही नाही.

‘सगळं तर ऑनलाइन मिळतं’ हे वाक्य मला म्हणूनच चीड आणतं. सगळं म्हणजे कुणाचं सगळं? तुम्ही म्हणाल, आमच्याकडे नाहीत असल्या कॅसेटी. बघा एकदा शोधून. गॅदरिंगला वाजवलेलं, मित्राच्या बँडचं डेमो, कॉलेजातल्या पोराने हॉस्टेलच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं रॅप, आजोबांनी व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवलेला अभंग. आणि 2012-13 च्या सुमारास तालुक्याच्या मोबाइल शॉपीत पन्नास रुपये देऊन मेमरी कार्डात भरून आणलेली ती चारशे गाणी, जी अजून कुठल्यातरी ‘न्यू फोल्डर 2’ मध्ये पडलेली आहेत. त्यातली बरीचशी ॲपवर असतील. काही नसतील. ती नसलेली कोणती, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही.

बरं, जी आहेत ती तरी राहतात का? मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार फिसकटला आणि झीच्या लेबलची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी नाहीशी झाली. ‘सैराट’ची गाणी झीच्याच लेबलची आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे. तुमची प्लेलिस्ट तशीच होती, नावं करडी पडलेली; पैसे भरणाऱ्यांचीही आणि न भरणाऱ्यांचीही. गुगल प्ले म्युझिकमध्ये लोकांनी स्वतःची गाणी चढवली होती, 50,000 पर्यंत चढवता येत. 2020 साली ती सेवाच बंद. एअरटेलचं विंक 2024 मध्ये गेलं. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. भाड्याच्या घराचे नियम हेच असतात. माझं म्हणणं एवढंच की भाड्याच्या घरात राहून कुणी स्वतःच्या खर्चाने भिंतीत कपाटं बसवू नयेत.

स्मार्ट स्पीकर हे असंच भिंतीत बसवलेलं कपाट आहे. तो तुमच्या घरात असतो, वीज तुमची खातो, पण तुमच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर स्वतःहून उघडत नाही. तुम्ही हाक मारता, ती हाक आधी कंपनीच्या सर्व्हरला जाते, तिथे अर्थ लागतो, मग उत्तर येतं. अण्णांचं गाणं चार हातांवरच्या हार्ड डिस्कवर आणि त्याला हाक द्यायला सातासमुद्रापलीकडचा रस्ता! इंटरनेट गेलं की त्याची वाचा बसते. ब्लूटूथने फोन जोडून वाजवता येतं, खरं आहे. पण मग पाच हजार कशाचे दिले, ब्लूटूथचा साधा डबा हजारात येतो. शिवाय अलेक्साला हिंदी 2019 पासून कळतं, मराठीची पाळी मी हे लिहीपर्यंत तरी आलेली नाही. आमची आई तिच्याशी ज्या हिंदीत बोलेल, ती हिंदी ऐकून अलेक्साच राजीनामा देईल.

पण ह्याहून मोठी गोष्ट मरणाची आहे. यंत्राच्या. गुगलने क्रोमकास्ट ऑडिओ नावाचं छोटं चकतीसारखं यंत्र 2015 मध्ये काढलं. जुन्या ॲम्प्लिफायरला वायर लावायची, झालं. मला स्वतःला ते फार आवडायचं. 2019 च्या सुरुवातीला ते बनवणं बंद केलं. ठीक आहे, ज्यांच्याकडे आहे त्यांचं तरी चालू राहील? मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि ही चकती जगभर एकाच वेळी आडवी झाली. यंत्रात बिघाड काही नव्हता. आतल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती, बस. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तेवढे दिवस घराघरांत चालती यंत्रं मढ्यासारखी पडून होती आणि मालकांच्या हातात काहीही नव्हतं. सोनोस हा तर महागातला, शौकिनांचा ब्रँड. त्यांनी मे 2024 मध्ये नवं ॲप आणलं आणि लोकांच्या स्वतःच्या संग्रहातली गाणी वाजवण्याची सोय धड राहिली नाही. एवढी ओरड झाली की जानेवारी 2025 मध्ये कंपनीचा प्रमुख बदलला. लाखभराचे स्पीकर आणि त्यांचा जीव एका ॲपच्या अपडेटमध्ये.

आता उलटं उदाहरण. स्क्वीझबॉक्स. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीचं यंत्र, 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, 2012 मध्ये यंत्र बंद केलं. आणि तरी ती यंत्रं आजही वाजतात. का? कारण गाणी पुरवणारा सर्व्हर तुमच्याच कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्याचं सॉफ्टवेअर खुलं होतं. 2024 मध्ये लॉजिटेकने आपली ऑनलाइन सेवाही मिटली, तेव्हा लोकांनी त्या सॉफ्टवेअरचं नाव बदलून लिरियन केलं आणि पुढे चालू ठेवलं. कंपनी गेली, मांडणी राहिली. यंत्र घेताना दुकानदाराला एकच विचारा: ही कंपनी उद्या बुडाली तर हे वाजेल का? तो गोंधळला, तर घरी या.

इथे कुणीतरी कारवाँ काढणार, आणि काढावाच. 2017 मध्ये सारेगामाने तो आणला तेव्हा तुमच्या-माझ्यासारखे त्याला हसले होते. रेडिओसारखा दिसणारा डबा, आत 5,000 गाणी कायमची भरलेली, इंटरनेट नको, खाती नकोत, पासवर्ड नको. बटण फिरवलं की गाणं. घराघरांतल्या आज्यांना तो एका दुपारीत कळला आणि स्मार्ट स्पीकर अजून कळलेला नाही, यात आज्यांची चूक नाही. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर बघा. भलेमोठे स्पीकर, एक पेन ड्राइव्ह, आणि पहाटे चार वाजता अख्खं गाव जागं. (त्या आवाजाबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, ती इथे नको.) त्या ड्रायव्हरने कुठल्याही कंपनीची परवानगी न मागता आपलं संगीत आपल्या यंत्रावर वाजवलंय. त्याच्याकडे यूएसबीचं भोक आहे, आणि ते बंद करण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्या घरात दोनशे-तीनशे गाणी आहेत आणि ऐकणारं माणूस एक आहे, त्या घराने पेन ड्राइव्ह लावावा आणि हा लेख इथेच सोडून द्यावा. कारवाँलाही यूएसबी आहे.

आमचं तेवढ्यावर भागत नाही, कारण पेन ड्राइव्हच्या प्रती होत जातात. एक आईकडे, एक आत्याकडे, एक गाडीत. मी सांगलीत बसून एखाद्या रेकॉर्डिंगचं नाव दुरुस्त केलं, की ते फक्त माझ्याकडेच दुरुस्त होतं.

आणि नाव ही आपल्या लोकांची खास दुखरी जागा आहे. एमपीथ्री फाइलमध्ये गाण्याची माहिती भरायची जुनी पद्धत 1996 ची. नावाला 30 अक्षरांची जागा, आणि ती रोमन लिपीचाच विचार करून आखलेली. त्यात देवनागरी बसत नाही. पुढच्या आवृत्त्यांत बसते, पण आपल्या जुन्या फाइलींत प्रश्नचिन्हांची रांग दिसते. किंवा कुणीतरी त्या काळच्या मराठी फॉन्टात नाव टाइप केलेलं असतं आणि आज ते मांजराने कीबोर्डवरून चालावं तसं दिसतं. बाजारातले पंधरा-वीस हजारांचे स्ट्रीमर घ्या, त्यांच्या चकचकीत पडद्यावर ‘ज्ञानोबा’ आणा. चौकोन येतात, नाहीतर ‘ज’ आणि ‘ञ’ वेगळे होऊन पाय मोडलेले उभे असतात. परीक्षणं लिहिणारे हे कधी तपासत नाहीत. तुम्ही तपासा. माझ्या लेखी ध्वनीच्या दर्जाआधीची ही परीक्षा आहे.

ॲपवर तर गायक सोडून कुणालाच जागा नाही. नाट्यपद कुणाचं, नाटक कुठलं, चाल कुणाची, सगळं गुलदस्त्यात. लावणीखाली ‘पारंपरिक’ असं एक शब्द टाकला की काम संपलं. आता वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव 1866 मध्ये जन्मले, 1945 मध्ये गेले, हाडामासाचे कवी होते, त्यांच्या नावावर लावण्यांचा ढीग आहे. परंपरेने रात्री जागून त्या लिहिल्या नाहीत. स्वतःच्या कॉम्प्युटरवर कवीचा रकाना माझा मी भरू शकतो. ॲपमध्ये तो रकाना भरायला मी कुणाकडे अर्ज करू?

दुसरी टोळी शौकिनांची. यांच्याशी माझं भांडण वेगळं आहे. हे स्वतःच्या फाइली ठेवा म्हणतात ते बरोबर, पण मग पन्नास हजारांचा स्ट्रीमर आणि पाच हजारांची नेटवर्क केबल सांगतात. का तर ‘आवाज मोकळा होतो’. अरे, सीडीच्या दर्जाचं संगीत सेकंदाला 1,411 किलोबिट लागतं. तुमच्या घरचं साधं वायफाय त्याच्या कित्येक पट वाहून नेतं. कॉम्प्युटरवरून निघालेले आकडे तसेच्या तसे पोचतात, वाटेत चुकले तर पुन्हा मागवले जातात. आकडे केबलमधून येताना थकत नाहीत. आणि माझ्या कॅसेटीत मूळचाच एवढा खरखराट आहे की हिऱ्याची केबल लावली तरी खरखरच स्पष्ट ऐकू येईल.

आवाजाचा बारकावा खोटा आहे असं मात्र कुणी समजू नये, निदान मिरजेच्या शेजारी राहून तरी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवतो, त्या धाग्याला ‘जीव’ म्हणतात, आणि केसभर सरकला तर अख्खा स्वर उघडतो किंवा मिटतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार जेमतेम 70 हर्ट्झला. मुठीएवढ्या स्मार्ट स्पीकरला हा खर्ज मुळात काढताच येत नाही. वरच्या स्वरांवरून आपला कान त्याचा अंदाज बांधतो. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर स्पीकरमध्ये घाला. जुने मोठे लाकडी स्पीकर शोधा, मिरज-सांगलीत अजून असले ॲम्प्लिफायर उघडून दुरुस्त करणारे लोक आहेत. आकड्यांचा आवाज करणारं जे यंत्र मध्ये लागतं, ते फोनच्या डोंगलएवढं, हजाराच्या आतबाहेर मिळतं आणि पुरतं.

‘ही चोरी नाही का?’ असंही एकाने विचारलं. विकत घेतलेल्या कॅसेटची घरात ऐकायला प्रत केली तर स्वतःच्या वापराला आपला कायदा वाव देतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे 1937 मध्ये गेलेल्या खाँसाहेबांच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. आजीच्या ओव्यांचे हक्क कुणाकडे हे मात्र कुकरला विचारावं लागेल.

तर मग घ्यायचं काय? मी भावाला सांगितलं ते असं. सांगलीच्या कॉम्प्युटरवर मी लिरियन टाकलंय; नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिनही चालतं, तिन्ही फुकट, तिन्ही खुली. ऐकण्याच्या बाजूला जुना अँड्रॉइड फोन ॲम्प्लिफायरला वायरने जोडला तरी पुरतं, पण तो कायम चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. मी सांगलीच्या दिवाणखान्यात रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू ठेवलाय, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा बोर्ड, दोन हजारांच्या आसपास, त्यावर पायकोअरप्लेअर. वीज गेली-आली की तो स्वतःहून उठतो आणि गाऊ लागतो. बसवायला मला एक रविवार लागला आणि त्यातला अर्धा दिवस मी शिव्या देत होतो, हे लपवत नाही. स्मार्ट स्पीकर पाच मिनिटांत सुरू होतो. त्या पाच मिनिटांचं भाडं तुम्ही पुढे जन्मभर भरता.

साताऱ्याचं प्रकरण निराळं. सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या बहुतेक ब्रॉडबँड कंपन्या घरटी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, शेकडो घरं एकाच पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून आपल्याच कॉम्प्युटरचं दार सापडत नाही. त्यावर टेलस्केलसारखी खासगी जोडणी करता येते, फुकटात होते. आईच्या फोनवर ती चालते. पण माझा हट्ट लॅपटॉपचा आहे, आणि भाऊ हसला तो इथेच.

लॅपटॉप अशासाठी की त्यात डिस्क आहे. स्पीकर फक्त ऐकतो. लॅपटॉप ठेवूनही घेतो. माझ्याकडच्या 93 कॅसेटी आज एका हार्ड डिस्कवर आहेत. ती डिस्क मेली तर 2019 च्या कपाटात आणि तिच्यात काय फरक राहिला? साताऱ्यात, अजिंक्याताऱ्याच्या उताराला भावाचं घर आहे, तिथवर कृष्णा चढत नाही. रोज रात्री सांगलीतलं नवं-बदललेलं तेवढं तिकडे जाईल. पाणी साताऱ्याच्या डोंगरातून निघून कराडवरून आमच्याकडे येतं, गाणी उलट्या वाटेने जातील. आईला त्याच लॅपटॉपवरून ऐकता येईल, इंटरनेट असो वा नसो. एका यंत्रात ऐकणं आणि सांभाळणं दोन्ही होत असेल, तर जे नुसतं ऐकतं आणि तेही परवानगीने, ते मी का विकत घेऊ?

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आजीचं रेकॉर्डिंग त्यात आहे?’

आहे, म्हटलं. बाजू बी, सतरा मिनिटं, शेवटची दोन मिनिटं खराब.

परवा रविवारी तो लॅपटॉप घेऊन येतोय. चार्जर सापडत नाही म्हणतो.